सरांची स्कूटर आणि फळ्यावरचा नंबर

क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांची ती प्रसिद्ध स्कूटर आजच्या नियमांत बसत नाही. एकटे सर, मागे एकटा मुलगा, पालकांची लेखी परवानगी वगैरे काही नाही. शिवाजी पार्कवरची बॅटिंग आटोपली की आझाद मैदान, तिथून आणखी कुठे, असं सर सचिन तेंडुलकरला मुंबईभर फिरवायचे. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिननं हे सांगितलं, तेव्हा आमच्या वयाचे कितीतरी लोक टीव्हीसमोर डोळे पुसत होते. मीही त्यातलाच. तरीही नातीच्या क्लबमध्ये ‘प्रशिक्षक एकट्या मुलाला वा मुलीला आपल्या गाडीवरून नेणार नाहीत’ असा ठराव आला, तेव्हा मी त्याच्या बाजूनं हात वर केला.

सत्तरच्या दशकात मी दादरच्या एका लहानशा क्लबात खेळायचो. दादर युनियन क्लबमध्ये माधव मंत्रींची शिस्त केवढी होती, याच्या गोष्टी आम्ही दबक्या आवाजात एकमेकांना सांगायचो आणि आपल्या परीनं तिची नक्कल करायचो. कपडे पांढरेशुभ्र आणि इस्त्रीचे. वेळ म्हणजे वेळ. अंपायरनं बोट वर केलं की बॅट काखेत मारून तंबूकडे चालू लागायचं, मान वळवायची नाही. एकदा आमच्या विकेटकीपरनं पायचीत दिल्यावर बॅट आपटली, तर कप्तानानं त्याला पुढच्या सामन्यात पाणी द्यायला ठेवलं. क्रिकेटचे कायदे ठरवणाऱ्या एमसीसीनं खेळाडूंच्या वर्तनाचा वेगळा कायदा केला आणि अंपायरला खेळाडूला मैदानाबाहेर काढायचा अधिकार दिला, तो २०१७ मध्ये. आमच्या कप्तानाला तेवढं थांबायची गरज वाटली नव्हती.

मार मात्र सर्रास होता. कॅच सुटला की टपली, नेटला उशीर झाला की भर उन्हात मैदानाला फेऱ्या, आणि पाणी फेऱ्या संपल्यावर. सचिननं सरांच्या थपडेचीही गोष्ट सांगितली आहे. आपला सामना सोडून तो शाळेच्या मोठ्या मुलांची मॅच बघायला वानखेडेवर गेला होता. ही गोष्ट आमच्याकडे अजूनही प्रत्येक पालकसभेत कुणीतरी सांगतंच. माझं म्हणणं एवढंच, की ज्यानं पुढे शंभर शतकं काढली त्याचीच थप्पड गोष्टीत येते. ज्यांनी थप्पड खाल्ली आणि किट माळ्यावर टाकलं ते गोष्टी सांगायला पालकसभेत येत नाहीत. शाळेत मुलाला मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी केली. मैदान ही काही शाळा नव्हे, या आडोशाला पुष्कळ प्रशिक्षक अजून उभे आहेत.

आता ज्याबद्दल आम्ही कधीच उघड बोललो नाही ते. आमच्या क्लबात किट ठेवायची एक खोली होती आणि तिची किल्ली एका काकांकडे असायची. मी नवा होतो तेव्हा वरच्या वर्गातल्या एका मुलानं पॅड बांधता बांधता सांगितलं, ‘काकांनी स्टंप आणायला पाठवलं तर एकटा जाऊ नकोस. कुणाला तरी घेऊन जा.’ का, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पुढे माझ्यानंतर आलेल्या पोराला मी तेच, जवळपास त्याच शब्दांत सांगितलं. आमची सुरक्षा व्यवस्था ती एवढी. एका मुलाकडून दुसऱ्याकडे चालत आलेली, आणि मोठ्या माणसांपैकी कुणाच्या कानावर कधी न गेलेली. गेली असती तरी काय झालं असतं? ‘मुलगा आहे, त्याला काय होणार?’ हे उत्तर ठरलेलं होतं. बाहेरगावच्या दौऱ्यावर शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपायचो, तेव्हा त्या काकांच्या शेजारची जागा कायम सर्वांत शेवटी भरायची.

त्या काळाच्या आठवणीनं मी हळवा होतो, पण ही खोली वगळून होता येत नाही.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानं मुलगा आणि मुलगी हा भेद ठेवला नाही. अत्याचाराची माहिती असून, किंवा तो होईल अशी शंका असूनही पोलिसांना न कळवणं हाच त्यात गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल असं लपवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आमच्या वेळी ‘क्लबची बदनामी नको’ हे वाक्य शहाणपणाचं समजलं जायचं. आज ते वाक्य बोलणारा सेक्रेटरी तुरुंगाच्या वाटेवर असतो.

हेल्मेटचं तर विचारू नका. १९६२ मध्ये बार्बाडोसमध्ये नरी काँट्रॅक्टरची कवटी फुटली, १९९८ मध्ये ढाक्याला क्लबच्या सामन्यात शॉर्ट लेगला उभा असलेला रमण लांबा डोक्याला बॉल लागून गेला. नात हेल्मेटशिवाय नेटमध्ये पाऊल ठेवत नाही, आणि आम्ही नुसत्या टोपीत खेळायचो हे तिला शौर्य वाटत नाही, वेडेपणा वाटतो.

सगळंच सुधारलं असंही नाही. शिवाजी पार्कला कट्ट्यावर बसलेले आजोबा, माळी, भेळवाला, संध्याकाळी फिरायला निघालेलं अर्धं दादर आमच्याकडे बघत असायचं. नातीचं नेट पत्र्याच्या शेडमध्ये, जाळीच्या आत आहे. रस्त्यावरच्या माणसाला आतलं काही दिसत नाही. आमचे वडील मैदानाकडे फिरकत नसत, आताचे बाप बाउंड्रीवर उभे राहून पंचगिरी करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला शिव्या घालतात. आणि वयाचे खोटे दाखले. ते पकडण्यासाठी क्रिकेट बोर्डाला मनगटाचा एक्स-रे काढावा लागतो. वय चोरायला शिकवणारे घरचेच, म्हणजे मुलाला खोटेपणाचा पहिला धडा आईबाप आणि प्रशिक्षक मिळून देतात, हे राहुल द्रविडनं २०१५ च्या पतौडी व्याख्यानात मांडलं होतं.

क्लबच्या फळ्यावर आता नियम लावले आहेत. प्रशिक्षकाचे निरोप फक्त पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. कपडे बदलायच्या खोलीत मोबाइल नाही. दौऱ्यावर मुली असतील तर सोबत एक बाई हवीच. खाली चाइल्डलाइनचा १०९८, आणि तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव. नाव सेक्रेटरीचं आहे. सेक्रेटरी सज्जन आहेत, पण ते मुख्य प्रशिक्षकांचे मेहुणेही आहेत. मागच्या सभेत मी सुचवलं, आणखी एक नाव लिहा, बाईचं आणि क्लबबाहेरचं. एका तरुण बापानं विचारलं, ‘आजोबा, आपल्याच माणसांवर एवढा अविश्वास?’ त्याला किटच्या खोलीबद्दल सांगितलं. सभेत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग खजिनदारांनी बॉलच्या वाढलेल्या किमतीचा विषय काढला. दुसरं नाव अजून फळ्यावर आलेलं नाही. पुढची सभा पंधरा तारखेला आहे आणि विषयपत्रिकेत मी ते पहिल्या क्रमांकावर घालून घेतलं आहे.