बोली आणि बोलणी

परप्रांती नोकरीस आलेल्या मराठी माणसास बोलावयास विषय लागतो, आणि तो असा लागतो की त्यावर कोणाचेही वरिष्ठ रुष्ट होणार नाहीत. राजकारण आम्हां सरकारी नोकरांस वर्ज्य. बदल्यांविषयी बोलू लागलो तर सारी संध्याकाळ उदास होते. साहित्य हा विषय उत्तम खरा. पण त्यात मतभेद होण्यासाठी निदान दोघांनी तरी एकच पुस्तक वाचलेले असावे लागते. क्रिकेटास ही अट नाही. त्यातही जी मुले अद्याप मोठ्या मैदानावर उतरलेलीच नाहीत त्यांच्याविषयी तर कोणीही अधिकारवाणीने बोलावे. खोटे ठरावयास आणखी दहा वर्षे जावी लागतात आणि तोवर आमची बदली झालेली असते. मल्लेश्वरम्‌मध्ये शनिवारी सायंकाळी आम्ही पाचसहा जण जमतो. हिशेबतपासणी, आयकर, टपाल, रेल्वे अशी निरनिराळ्या खात्यांतील ही मंडळी. कॉफी या गावच्या रीतीप्रमाणे ‘बाय टू’, म्हणजे एकाची दोघांत. मते मात्र प्रत्येकाची स्वतंत्र व भरपूर.

या विषयाचे वेड आम्हांस बंगळुरानेच लावले असे म्हटले पाहिजे. इंडियन प्रीमियर लीगचे खेळाडूंचे लिलाव २०१४ पासून २०१८ पर्यंत ओळीने पाच वर्षे याच शहरात झाले, आणि २०२२ च्या फेब्रुवारीतला मोठा लिलावही येथेच झाला. ‘लिलाव’ या शब्दास आमच्या आयकरवाल्या स्नेह्यांची पहिल्यापासून हरकत आहे. थकबाकीदारांच्या मिळकतींचे लिलाव त्यांनी पुष्कळ पाहिले असल्यामुळे, तो शब्द ऐकला की त्यांच्या डोळ्यांपुढे टाळे लावलेली गोदामे उभी राहतात. जिवंत माणसास, तेही मिसरूड फुटत असलेल्या मुलास, तो लावावा हे त्यांना रुचत नाही. तरी बोली सुरू झाली की सर्वांत पुढे त्यांचीच खुर्ची असते.

२०२२ चा तो लिलाव आमच्या चांगला स्मरणात आहे. पहिल्याच दिवशी बोली पुकारणारे ह्यू एडमीड्स हे इंग्रज गृहस्थ पुकारता पुकारता भोवळ येऊन कोसळले. काम थांबले. आयोजकांनी याच शहरात राहणारे समालोचक चारू शर्मा यांस ऐनवेळी बोलावून आणले, आणि त्यांनी पूर्वतयारीवाचून ते ओझे उचलले. दुसऱ्या दिवशी शेवटी एडमीड्स परत आले तेव्हा सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजविल्या. कोट्यवधींच्या बोली बाजूस राहिल्या आणि आम्ही या प्रसंगावरच खूश झालो. फाइल न वाचता दुसऱ्याचा कार्यभार स्वीकारावा लागणे म्हणजे काय, हे आमच्याइतके कोणास कळणार!

पण आम्ही त्या दिवशी बसलो होतो ते मुलांसाठी. एकच आठवडा आधी, ५ फेब्रुवारीस, आपल्या एकोणीस वर्षांखालील संघाने अँटिग्वात विश्वचषक जिंकला होता. त्या संघात तुळजापूरकडचा राजवर्धन हंगरगेकर हा जलदगती गोलंदाज होता आणि पुण्याकडचा विकी ओस्तवाल हा डावखुरा फिरकीपटू होता. मराठवाड्यातील आमचे रेल्वेवाले मित्र तर तुळजाभवानीस नवस बोलल्यासारखे बसले होते. हंगरगेकराची मूळ किंमत तीस लाख. चेन्नईने त्यास दीड कोटीस घेतले. ओस्तवाल वीस लाखांच्या मूळ किमतीतच दिल्लीकडे गेला. यावर तासभर वाद झाला. पुणेकरांचे म्हणणे, फिरकीला भाव नसतो, ती कांजीवरमसारखी घरात वापरूनच कळते. मराठवाडाकरांचे म्हणणे, भाव मिळाला नाही की पुणेकरांस तत्त्वज्ञान सुचते.

त्याच विश्वविजेत्या संघातील काही मुलांची नावे मात्र लिलावाच्या यादीतच नव्हती. तेव्हा नियम असा होता की एकोणीस वर्षे पूर्ण झालेली नसतील तर निदान एक प्रथम श्रेणीचा किंवा तत्सम एकदिवसीय सामना खेळलेला असावा. आता करोनामुळे २०२०-२१ चा रणजी मोसमच झाला नव्हता. सामने नाहीत तर मुलांनी खेळावे कोठे? ‘अट शिथिल करता आली असती,’ असे आम्ही चौघे एकदम म्हणालो. कार्यालयात दुसऱ्यांच्या अर्जांवर हेच शब्द आम्ही किती वेळा लिहिले, याचा हिशेब कोणी काढला नाही.

एक निवड मात्र निराळ्या जातीची होती, आणि तिची गोष्ट बंगळुरात अजून सांगतात. २००८ साली स्पर्धा सुरू झाली तेव्हा एकोणीस वर्षांखालील मुलांवर बोली लावावयाची नाही, मानधन ठरलेले, आणि संघांनी पाळीपाळीने एकेक मुलगा निवडावयाचा असे ठरले होते. मुले नुकतीच क्वालालंपूरहून विश्वचषक घेऊन आलेली. पहिली पाळी दिल्लीची. विजयी संघाचा कप्तान दिल्लीचाच होता. दिल्लीने त्यास सोडले आणि प्रदीप सांगवान हा आपल्याच गावचा डावखुरा जलदगती गोलंदाज घेतला. सुटलेला कप्तान बंगळुरास मिळाला. त्याचे नाव विराट कोहली.

ही गोष्ट सांगणारे दिल्लीस हसतात. आमच्या मते ते अन्यायाचे आहे. दिल्लीपाशी सेहवाग होता, गंभीर होता, शिखर धवन होता. फलंदाजांची ददात नव्हती. सांगवान तर त्याच मोसमात रणजी करंडक जिंकून देणाऱ्यांपैकी एक. त्या दिवशीच्या कागदपत्रांवरून पाहिले तर निर्णय नियमास धरून होता, आणि कोणताही लेखापरीक्षक त्यावर आक्षेप घेऊ शकला नसता. त्याच विश्वचषकात सर्वांत अधिक धावा काढणारा मुलगा कोहली नव्हे, तन्मय श्रीवास्तव होता. त्यास पंजाबने घेतले. २०२५ साली त्याच लीगच्या पंचांच्या चमूत त्याचे नाव आले, आणि कोहली तेव्हाही बंगळूरकडूनच खेळत होता. सतरा वर्षांपूर्वी आम्ही हे भाकीत केले असते तर चहाच्या पेल्यापलीकडे त्यास किंमत मिळाली नसती.

ऑस्ट्रेलियात त्यांच्या फुटबॉलमध्ये १९८६ पासून अशीच पाळीची पद्धत आहे. आदल्या मोसमात जो संघ तळाशी राहिला त्याची निवड प्रथम. म्हणजे दुर्बळास हातभार. अठरा वर्षांच्या मुलांची नावे तेथले शौकीन महिनोन् महिने चघळतात, खरी यादी लागण्यापूर्वी आपल्या लटक्या याद्या लावून ठेवतात, आणि दूरच्या गावचा मुलगा आपल्या संघाने उचलला की त्यास घरचा मानू लागतात. मुलास कोठे जावयाचे हे त्यास विचारीत नाहीत. हे वाचून आम्हांस ते लोक एकदम जवळचे वाटले. कारण आमची निवडही याच जातीची. गुणानुक्रम, रिकाम्या जागा आणि एक फिरते चक्र यांतून कोणी कर्नाटकात आला, कोणी आसामात गेला. घरच्या प्रांताची इच्छा लिहून दिली होती. तिचे काय झाले ते चक्रास ठाऊक. आमच्यावर कोणी बोली लावली नाही एवढाच फरक, आणि लावली असती तर मूळ किमतीच्या वर गेली असती असेही नाही.

म्हणूनच की काय, मुलांविषयी बोलताना आमची भाषा गोपनीय अहवालाची होते. ‘परिश्रमी आहे, पण दडपणाखाली निर्णयक्षमता तपासावी लागेल.’ ‘वेग चांगला, सातत्य मध्यम.’ २०१८ च्या जानेवारीत येथेच लिलाव झाला तेव्हा मुले न्यूझीलंडमध्ये विश्वचषक खेळत होती. कमलेश नागरकोटीस तीन कोटी वीस लाख, शुभमन गिलास एक कोटी ऐंशी लाख आणि कप्तान पृथ्वी शॉ यास एक कोटी वीस लाख मिळाले. आमच्या बैठकीने शॉ यास पहिला क्रमांक एकमताने दिला होता. शाळेच्या सामन्यात ५४६ धावा काढणारा मुंबईचा मुलगा. दुसरा विचार करावयाचा कशास? त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकले तेव्हा आम्ही पेढे वाटले. नागरकोटीचे पहिले दोन मोसम दुखापतीत गेले. गिल २०२५ साली भारताचा कसोटी कप्तान झाला. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात जेद्दा येथे शॉ याचे नाव पुकारले गेले तेव्हा एकही हात वर झाला नाही. उलट, पुण्याच्या ऋतुराज गायकवाडास जयपूरच्या लिलावात वीस लाखांच्या मूळ किमतीत चेन्नईने उचलले होते. पुढे तो त्या संघाचा कप्तान झाला. त्याच्याविषयी आमच्या टिपणवहीत एक अक्षर नाही.

त्या न्यूझीलंडमधील मुलांचे शिक्षक राहुल द्रविड होते. इंदुरात जन्मलेले, घरी मराठी बोलणारे आणि अंगाखांद्याने पूर्ण बंगळूरचे. येथील मराठी माणसास दोन्हीकडे मिरविता येईल असा दुसरा दाखला नाही. लिलाव दरवर्षी येतात, विश्वचषकाचा उपांत्य सामना दरवर्षी येत नाही, अशा आशयाचे ते मुलांस सांगत. आम्ही मान डोलावली आणि लिलावाचे आकडे पाहत बसलो.

आमच्या टपालवाल्या स्नेह्यांचा धाकटा मुलगा डावखुरी फिरकी टाकतो. गेल्या वर्षी तो सतरा वर्षांचा झाला, वयोगटाच्या निवड चाचण्यांत त्याचे नाव येऊ लागले, आणि नेमकी त्याच सुमारास वडिलांची बदलीची ऑर्डर निघाली. बैठकीत नेहमीप्रमाणे वाद सुरू झाला. एक म्हणाले, वर्षभर बदली थांबविण्याचा अर्ज करा. दुसरे म्हणाले, अर्जात कारण काय लिहिणार, चिरंजीवांचा ‘आर्म बॉल’? तिसऱ्यांनी वसतिगृह सुचविले. परप्रांतात नव्याने नाव लावावयाचे तर वास्तव्याचे दाखले, शाळेचे दाखले, पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहणे. इतरांच्या मुलांवर घटकेत निकाल देणारे आम्ही त्या दिवशी रात्री साडेदहापर्यंत बसलो आणि एकही निकाल देऊ शकलो नाही. वडील सारा वेळ गप्प होते. मुलगा पुढे जाईल की नाही, हा प्रश्न कोणीही उच्चारला नाही. शॉ आणि नागरकोटी यांच्याविषयी तोच आम्ही सर्वांत आधी उच्चारीत असू.

शेवटी वडील एकटे गेले. मुलगा आणि त्याची आई जयनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली. निवड त्या वर्षी झाली नाही; राखीव नावांत होता असे कळते.

मध्यंतरी एका शनिवारी तो आईचा निरोप घेऊन आमच्याकडे आला होता. कोहली-सांगवान हा वाद तेव्हा पुन्हा रंगात होता. आम्ही त्यास विचारले, ‘तू दिल्लीच्या जागी असतास तर कोणास घेतले असतेस?’ त्याने क्षणभर विचार केला. ‘सांगवान, काका,’ तो म्हणाला. ‘लेफ्ट-आर्म पेस मिळत नाही.’ आयकरवाले उसळलेच; कोहली, कोहली म्हणून त्यांनी आवाज चढविला. मुलगा हसून ऐकत राहिला, मग घड्याळाकडे पाहून उठला. पहाटे साडेपाचला नेट्स होती, आणि जयनगरची बस गाठावयाची होती.