आधी वाचून दाखवा

आईला मी एकदा जे बोललो, ते कागदावर उतरवायला मला तीस वर्षं लागली.

नव्वदीच्या मध्यावर माण तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली होती. किमान एक तृतीयांश जागा बायकांना द्यायच्याच होत्या, आणि आमचा वॉर्ड महिला राखीव निघाला. भावकीने आईचं नाव पुढे केलं. आई दुसरी शिकलेली. माझ्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या कागदांवर ती पंधरा दिवस सही गिरवत होती. आडनावातला ‘ळ’ काही केल्या वळत नव्हता.

निवडून आल्यावर पहिलं वर्षभर ती दाराजवळ सतरंजीवर बसली, पुरुष खुर्च्यांवर. प्रोसिडिंग बुक पुढे सरकवलं की बोट दाखवतील तिथे सही करायची. एका रात्री नळपाणी योजनेचा कागद घेऊन ती माझ्याकडे आली. मी बारावीला होतो.

“एवढं वाचून दाखव रं.”

चुलत्यांच्या देखत मी म्हणालो, “राखीव जागा म्हणून बसवलंय तुला. सही कर आणि ये गप.”

तिने कागदाची घडी घातली आणि भाकऱ्या थापायला गेली.

दुसऱ्या दिवशीच्या मासिक सभेत तिने पेन हातात घेतलं नाही. “आधी वाचून दाखवा,” एवढंच म्हणाली. वाचल्यावर उघड झालं, की चार नळांपैकी मातंग वस्तीवरचा नळ कागदात नव्हताच. आदल्या सभेत तो तोंडी ठरला होता. तो लिहून घेईपर्यंत तिने सही केली नाही. हे मला तिने सांगितलं नाही. त्या वस्तीवरच्या माझ्या वर्गमित्राने सांगितलं. तरीही मी तिची माफी मागितली नाही.

पुढे नोकरीच्या निमित्ताने उत्तरेत आलो, नोएडात स्थिरावलो. नागरिकशास्त्र मी शाळेत गुणांपुरतं घोकलेलं. संविधान सभेतलं बाबासाहेबांचं 4 नोव्हेंबर 1948 चं भाषण चाळिशीत वाचलं. खेडं हा राज्यघटनेचा पाया असावा, हे त्यांना मान्य नव्हतं. खेड्यातली संकुचित वृत्ती आणि जातीयता त्यांना ठाऊक होती. पुढे पंचायतींचं कलम 40 आलं, पण मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात बजावून घेता न येणारं. वाचताना मला कागदातून गळलेला तो नळ दिसत होता. बाबासाहेबांची भीती आमच्या गावात अक्षरशः खरी होती. आणि 1992 मध्ये संसदेने पंचायती बंधनकारक केल्या, तेव्हा दलितांच्या आणि बायकांच्या जागा त्याच घटनेत लिहून ठेवल्या, म्हणून माझी आई त्या सतरंजीवर होती. मी जिला उपकाराची जागा समजलो, ती त्या भीतीवर शोधलेली तोड होती. हे समजायला मला एवढा उशीर झाला.

तीन हिवाळ्यांपूर्वी आई नोएडाला राहायला आली. संध्याकाळी सोसायटीत फिरताना तिने विचारलं, “तुमचा वार्डाचा मेंबर कोन?”

“इथे मेंबर नसतो, आई.”

तिला वाटलं मला नाव आठवत नाही. मी फाटकाजवळचा रहिवासी संघाचा फलक दाखवला.

“ह्येंना निवडून कोन देतं?”

“फ्लॅटचे मालक.”

“भाडेकरू?”

“नाही.”

“आन् तुझ्याकडं भांडी घासाय येती ती?”

मी काही बोललो नाही. गावच्या मतदार यादीत आमच्या रानातला गडी आणि माझे चुलते एकाच पानावर असत.

त्या रात्री मी माझ्याच शहराची कुंडली पहिल्यांदा काढली. विधानसभा आणि लोकसभेला आम्ही मत देतो. पण शहराचा कारभार 1976 च्या राज्य कायद्याने स्थापन झालेलं प्राधिकरण पाहतं आणि त्यात आम्ही निवडलेलं कुणी नाही. नगरपालिकांची 74वी दुरुस्ती 1 जून 1993 ला लागू झाली, पण तिच्या कलम 243 क्यू मध्ये औद्योगिक नगरीचा अपवाद आहे. 2001 च्या डिसेंबरमध्ये नोएडा त्या अपवादात गेलं. सेक्टर 93-ए मधले बेकायदा जोड मनोरे 28 ऑगस्ट 2022 ला पाडले गेले, पण त्यासाठी रहिवाशांना अलाहाबाद उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जवळपास दहा वर्षं लढावं लागलं. दाद मागायची वाट संविधानानेच दिली, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. तरी सभेत उठून “आधी वाचून दाखवा” म्हणणारं कुणी असतं, तर? आमच्यासारख्या शहरात संविधान लोकांना न्यायाधीशापर्यंत पोचवतं, मेंबरपर्यंत पोचवत नाही. पुढे 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही इथे महानगर परिषदेचा विचार करायला राज्य सरकारला सांगितलं आहे.

आई परत जायच्या आदल्या रात्री मी संविधानाचं पुस्तक घेऊन तिच्याजवळ बसलो. म्हणालो, “त्या दिवशी वाचून दाखवलं नाही. आज दाखवतो.” तिने चष्मा काढून ठेवला. आधी तिच्या जागेचं कलम वाचलं. मग आमचं. अपवाद सुरू होतो त्या ‘परंतु’ शब्दापाशी तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“हितनं परत वाच.”

परत वाचलं.

“मग ह्यावर सही कुनाची लागती?”

“राज्यपालांच्या नावाने आदेश निघतो.”

“आन् तुमच्यातल्या कुनाचीच न्हाई?”