पागोळीचे पाणी

खानापूरच्या पश्चिमेकडे पाऊस एकदा आला की चार महिने मुक्काम ठोकतो. मातीच्या भिंती जोत्यापासून ओल धरतात, अंथरुणे वाळत नाहीत. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचा गॅस आला, तरी आंघोळीच्या पाण्याची चूल पेटतेच. ओल आणि धूर मिळून पोरांचा खोकला हटत नाही. श्रावणातला हजेरीपट ते सांगतो.

म्हणून दर मे महिन्यात दहावीची परीक्षा आटोपलेली मुले घेऊन आम्ही वस्तीवर जातो. पागोळी पडते तिथे दगड बसवायचे, चर खणून पाणी उताराला लावायचे, छपरात एक काचेचे कौल घालायचे, धुराला वाट करून द्यायची. काम एवढेच.

अडते ते बोळात. एका घराची पागोळी दुसऱ्याच्या भिंतीवर. एक घर मराठी, दुसरे कन्नड, अबोला जुना. चर कोणाच्या जागेतून काढायचा? गेल्या वर्षी कन्नड घरातल्या अज्जींनीच काठीने रेघ ओढली. म्हणाल्या, "नीर ई कडे होगलि." पाणी इकडून जाऊ दे. रेघ त्यांच्याच परसातून गेली होती.

त्या पावसाळ्यात दोन्ही भिंती कोरड्या राहिल्या. सीमेचा निकाल लागेल तेव्हा लागो. चर मात्र मृगाआधीच खणावा लागतो.