काल दिलेली परमिशन

लिनक्स मशीन सांभाळणाऱ्याला एक तक्रार नेहमी ऐकावी लागते : "सर, काल परमिशन दिली होती, आज परत गेली." तक्रार करणाऱ्याने काल चमॉड ७७७ मारलेलं असतं आणि काम भागलेलं असतं. मशीन रीस्टार्ट झालं, की पुन्हा तेच 'परमिशन डिनाइड'. मग पुन्हा ७७७. काही जण तर दर पाच मिनिटांनी चमॉड करणारी ओळ क्रॉनमध्ये टाकून मोकळे होतात. मुरलेला ॲडमिन इथे हात आवरतो आणि आधी स्टॅट कमांड चालवतो.

कारण परमिशन फाइलच्या नावाला चिकटलेली नसते. नाव डायरेक्टरीत असतं. मालक, ग्रुप आणि वाचा-लिहा-चालवाचे बिट असतात आयनोडमध्ये. स्टॅट त्या आयनोडचा क्रमांक दाखवतं. कालचा आणि आजचा क्रमांक वेगळा निघाला, तर कालची फाइल गेली आणि तिच्या जागी त्याच नावाची नवी आली. कित्येक एडिटर 'सेव्ह' करताना हेच करतात : बाजूला नवी फाइल लिहितात आणि जुन्या नावावर आणून ठेवतात. आधीचे बिट उतरवून घेण्याची काळजी एडिटरने घेतली नाही, तर नव्या फाइलला यूमास्क ठरवेल ते बिट मिळतात.

कॉलेजच्या लॅबमधला आर्डुइनो हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. केबल लावली, की स्लॅश-डेव्हमध्ये टीटीवाय-यूएसबी-शून्य अशा नावाची फाइल उगवते. ती डिस्कवर नसतेच. स्लॅश-डेव्ह मेमरीत उभं असतं. कर्नल तिथे फाइल तयार करतो आणि यूडेव्ह आपल्या नियमांप्रमाणे तिला ग्रुप आणि बिट देतो. विद्यार्थी ६६६ करून स्केच चढवतो, केबल काढतो, आणि ती फाइल त्याच्या परमिशनसकट नाहीशी होते. पुन्हा जोडल्यावर येते ती नवी, रूटच्या मालकीची आणि ६६० बिटांची.

डेबियन आणि उबुंटूवर तिचा ग्रुप असतो डायलआउट, आर्चवर यूयूसीपी. म्हणून खरा उपाय म्हणजे विद्यार्थ्याच्या खात्याला त्या ग्रुपमध्ये घेणं आणि त्याला एकदा लॉगआउट करून परत यायला सांगणं. (यूजरमॉड कमांडला मोठ्या 'जी'सोबत लहान 'ए' द्यायचा राहिला, तर तो माणूस बाकीच्या ग्रुपमधून बाहेर पडतो, त्यात सुडो असला तर पंचाईत.) उपकरण अनोळखी असेल, तर त्याच्या व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांकावरून यूडेव्हचा एक नियम लिहावा. १९७१च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलात चमॉड होतं, पण बिट होते फक्त मालकासाठी आणि इतरांसाठी. ग्रुप नंतर आला. तो हाताशी असताना सगळ्या जगाला दार उघडून देणं पटत नाही.

पेनड्राइव्हचं तर मूळच वेगळं. फॅट आणि एक्सफॅटमध्ये हे बिट ठेवायला जागाच नाही. दिसणारी परमिशन माउंट करताना ठरते. तिथे चमॉड करून टिकाऊ काही होणार नाही, एफएसटॅबमधले यूआयडी आणि यूमास्क बदलावे लागतात.

आयनोड तोच आणि बिट तेवढे बदललेले, ही केस मात्र चिवट. कुणीतरी चमॉड करतंय, पण कोण? इथे ऑडिटडी कामी येतं. फाइलवर ॲट्रिब्यूट-बदलाची नजर ठेवली, की पुढच्या वेळी लॉगमध्ये वेळ, खातं आणि प्रोग्रॅम तिन्ही सापडतात. रात्री चालणारी एखादी विसरलेली स्क्रिप्ट निघते, नाहीतर सिस्टमडीचं टीएमपी-फाइल्स. त्याचा नियम स्लॅश-ईटीसीमधल्या टीएमपीफाइल्स-डीमध्ये त्याच नावाची फाइल ठेवून बदलता येतो. बदल डेबियनच्या पॅकेज अपडेटने केलेला असेल, तर हवा तो मालक आणि हवे ते बिट डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइडमध्ये नोंदवायचे. पुढच्या अपडेटला डीपीकेजी स्वतःच ते लावतं.