गळ निवडतांना

मासे धरण्याचा विषय या पानांत आलेला पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. ज्या घरांत मासा कधीं शिजला नाहीं, त्या घरांत गळाची चर्चा कशास, हा प्रश्न आमच्या स्वतःच्या घरांतहि गेलीं चाळीस वर्षें विचारला जात आहे. परंतु आमच्या बाजूस एक भरभक्कम साक्षीदार आहे, आणि तो संस्कृतांत बोलतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा ग्रंथ रचिला. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात असा उल्लेख ज्यांत सांपडतो, आणि पुरणाची पोळी ज्यांत भेटते, तोच हा ग्रंथ. त्याच्या विनोदविंशतींत राजानें आपल्या करमणुकीचे प्रकार वर्णिले आहेत, आणि त्यांत ‘मत्स्यविनोद’ नांवाचें एक प्रकरण आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ पासून हा ग्रंथ तीन भागांत छापून निघाला, डॉ. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनीं १९५१ मध्यें या एका प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला. पुरणपोळीपुरता राजा प्रमाण आणि गळापुरता अप्रमाण, असें ज्यांस म्हणावयाचें असेल त्यांनीं खुशाल म्हणावें.

त्या प्रकरणांत आम्हांस विशेष पटली ती क्रमाची गोष्ट. राजा आधीं मासे सांगतो: खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, थोर कोणते, लहान कोणते, समुद्रांतले कोणते आणि नदींतले कोणते. कोणास काय चारावें, ठरलेल्या जागीं त्यांस कसें सवकवावें, हें मग येतें. काठी, दोरी आणि बडिश म्हणजे गळ, यांची खरी पाळी त्यानंतरची. हल्लींचा हौशी मनुष्य नेमका उलट चालतो. तो आधीं दुकानांत जातो, चकचकीत साहित्य घेतो, आणि मग तें कोणत्या माशास लागूं पडेल याची चौकशी करीत आमच्यासारख्यांच्या ओसरीवर येतो.

आमचा भाचा असाच आला. तो अमेरिकेंत असतो. गेल्या आषाढांत सांगलीस आला तेव्हां त्याच्या सामानांत कप्प्याकप्प्यांची एक पेटी होती. तींत चाळीसएक खोटीं आमिषें: लांकडी मासोळ्या, रबरी किडे, पितळी चमचे, झालरी लावलेले गळ. सर्व कांहीं ‘बास’ नांवाच्या माशासाठीं. “मामा, यांतलं इकडे काय चालेल?” असें त्यानें विचारिलें. मोठ्या तोंडाचा बास हा मूळचा उत्तर अमेरिकेंतील गोड्या पाण्याचा मासा; आमच्या कृष्णेंत, वारणेंत किंवा कोयनेंत तो नाहीं. पण पेटी फेंकून द्यावी असेंहि नाहीं. बास पाणवनस्पतींच्या आड दबा धरून राहतो, डोक्यावरून कांहीं हललें कीं झडप घालतो. आमच्याकडे त्या वळणाचा मासा म्हणजे मरळ. तेव्हां प्रश्न असा झाला, कीं परक्या माशाचें साहित्य घरच्या माशास कितपत लागूं आहे.

आमची निम्मी नोकरी साताऱ्याकडे आणि निम्मी सांगलीकडे झाली. माहुलीस, जेथें वेण्णा कृष्णेस मिळते, तेथें एका वृद्ध भोयानें आम्हांस पहिला गळ बांधावयास शिकविलें. बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाची तरंगणी, शिशाचा एक मणी आणि गांडूळ, एवढाच सारा संसार. नदीच्या लहानसहान माशांस तो आजहि पुरतो, आणि मुलांच्या हातीं प्रथम हाच द्यावा असें आमचें मत आहे. मरळीस मात्र तो पुरत नाहीं. ती शेवाळांत आणि कमळाच्या पानांखालीं राहते. तिला कल्ल्यांखेरीज वरची हवाहि लागते, म्हणून ती मधून मधून पृष्ठभागीं येऊन घोट घेते, आणि त्या बुडबुड्यांवरून जाणता माणूस तिची जागा ओळखतो. गळास लागतांच ती पहिली धांव घेते ती वेलींच्या जाळ्यांत.

म्हणून मरळीसाठीं काठी साडेसहा ते सात फूट, टोंकास किंचित् लवचीक पण बुडख्याशीं ताठ अशी असावी. बासच्या पुष्कळ काठ्या अशाच असतात, तेव्हां भाच्याची काठी येथें चालली. दोरी तंगुसाची न घेतां विणलेली, तीस ते चाळीस पौंड ताण सोसणारी घ्यावी. दुकानदार बारीक दोरीचें कौतुक करतात. बारीक दोरीनें मोठा मासा खेळविण्यांत कौशल्य आहे असें म्हणतात. असेल. पण जो मासा आपण सोडून देणार, त्यास अर्धा तास दमवून सोडण्यांत कसलें कौशल्य? आणि दोरी तुटली तर तो बिचारा तोंडांत लोखंड घेऊन फिरतो. जाड दोरी हा येथें भित्रेपणा नव्हे, दया आहे.

आतां आमिष. मरळीस जिवंत बेडूक लावण्याची चाल जुनी आहे. पोटासाठीं मासे धरणाऱ्याविषयीं आम्ही कांहीं बोलत नाहीं. परंतु करमणुकीसाठीं एका जिवास टोंचून दुसऱ्यास फसविणें आम्हांस कधींच रुचलें नाहीं. येथें भाच्याच्या पेटींतला पोकळ रबरी बेडूक आमच्या फार उपयोगी पडला. त्याचे दोन गळ टोंकें वर करून पाठीस चिकटलेले असतात, त्यामुळें तो पानांवरून घसरत जातो, कोठेंहि अडकत नाहीं. मरळीनें जबड्यांत दाबिला म्हणजे रबर चेपतें आणि टोंकें उघडीं पडतात. खळ्ळकन् पाणी उडालें कीं लगेच काठी ओढूं नये. मनांत एक, दोन म्हणावें, दोरी ताणल्याचें हातास कळूं द्यावें, आणि मग उचलावी. रंगाविषयीं लोक फार वाद घालतात. आमच्या मतें रंग हे पुष्कळ अंशीं माशापेक्षां गिऱ्हाईक धरण्यासाठींच केलेले असतात. गढूळ पाण्यांत गडद आणि निवळ पाण्यांत फिका, एवढें पाळिलें तरी पुरे.

लांकडी मासोळ्या आम्ही बाजूस ठेविल्या. प्रत्येकीच्या पोटाखालीं दोन-दोन तिहेरी गळ, म्हणजे सहा टोंकें! तीं आधीं शेवाळांत अडकतात, आणि मासा लागलाच तर त्याच्या डोळ्याकल्ल्यांत शिरतात. कोणास त्या वापरावयाच्याच असतील तर तिहेरी गळ काढून मागें एकच गळ बसवावा. त्याहून महत्त्वाची गोष्ट गळाच्या टोंकाजवळच्या उलट्या कांट्याची. तो कांटा पकडीनें दाबून सपाट करून टाकावा. “मग मासा निसटतो,” हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. दोरी सैल पडूं दिली तर निसटतो, ताणून धरिली तर सहसा निसटत नाहीं. आणि निसटला तर आपलें काय गेलें? स्वयंपाकघरांत कोणी वाट पाहत नाहीं. गळ काढण्यास लांब चोंचीची पकड, माशास उचलण्यास मऊ झोळी, आणि हात आधीं भिजविलेले असावेत. कोरड्या हातानें त्याच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघून जातो, आणि तोच त्याचें कवच असतो.

हें सर्व ऐकून घेऊन आमचें कुटुंब एकदां म्हणालें, “आपण खात नाहीं, मग त्या मुक्या जिवाला ओढून काढायचं आणि पुन्हां सोडायचं, तें कशाला? भोई धरतो तो पोटासाठीं. तुम्ही?” या प्रश्नाचें तोंड बंद करील असें उत्तर आमच्यापाशीं नाहीं, आणि सोमेश्वरापाशींहि नाहीं, तो राजा होता, त्यास कोणी विचारिलें नसेल. आम्ही एवढेंच करितों, कीं साहित्य घेतांना हा प्रश्न मनांत ठेवितों. मासा धरील कसा, यापेक्षां मासा सुटेल कसा, या बाजूनें पाहिलें म्हणजे निम्मी पेटी आपोआप रिकामी होते.

दुसरा मोठा मासा म्हणजे खुद्री, ज्यास इंग्रजींत दख्खनचा महसीर म्हणतात. कर्नल साइक्स यानें १८३९ मध्यें मुळामुठेंतील या माशाचें वर्णन छापिलें, आणि आपलें देशी नांवच त्याच्या शास्त्रीय नांवांत कायमचें बसलें. याच्या जबड्यांत दांत नाहींत, ते घशांत असतात, आणि तेथें धरून तो शिंपलेसुद्धां फोडतो. म्हणून हलका गळ तो वांकवून टाकतो. त्यास एकेरी, जाड, घडीव गळ आणि पितळी चमचा, किंवा नुसती कणकेची गोळी. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटा कंपनीनें १९७० नंतर या माशाचीं पिलें तयार करून ठिकठिकाणच्या पाण्यांत सोडिलीं. हेतु चांगलाच होता. परंतु तीं कावेरींतहि गेलीं, आणि तेथला मूळचा वाशिंडाचा महसीर मागें पडला. त्या बिचाऱ्याचें ‘टॉर रेमादेवी’ हें शास्त्रीय नांव निश्चित झालें तें २०१८ मध्यें, तो नष्ट होण्याच्या काठावर आल्यावर. आमच्या बाजूस कोयना व चांदोलीचीं अरण्यें २०१० पासून सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पांत आहेत. तेथें गळ टाकण्याचा विचारहि मनांत आणूं नये. इतर तलावांवर मासेमारीचा हक्क बहुधा एखाद्या सहकारी संस्थेकडे असतो, तिची परवानगी घ्यावी.

काठी लांब असावी याचें सांगलीकडे आणखी एक कारण आहे. भिलवडी, औदुंबर आणि सांगली या टापूंत कृष्णेंत मगरी आहेत, आणि त्यांनीं माणसें धरिलेलीं आहेत. पुस्तकांत गोरा साहेब कंबरभर पाण्यांत उभा असलेला दिसतो, तें येथें करूं नये. कांठापासून चार हात मागें, मोकळ्या उंचवट्यावर बसावें. तसेंच पाण्याचा रंग व वास बिघडला असेल तर काठी खुंटीस टांगावी. मार्च २०२३ मध्यें सांगलीजवळ नदींत मेलेल्या माशांचा खच पडला होता, अशा दिवसांत जे जगले असतील त्यांस आणखी छळूं नये.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला तें सांगतों. भाच्यास घेऊन आम्ही मिरज तालुक्यांतील एका गांवतळ्यावर गेलों. चार सरी पडून गेल्या होत्या, पाणी निवळ होतें. कांठापासून पंधराएक हातांवर पाण्याखालीं कुंकवाच्या रंगाचा एक गोळा दिसला. तो हलत होता, थोडा पसरत होता, पुन्हां आवळत होता. शेंकडों इवलालीं पिलें, श्वासासाठीं एकदम वर येणारीं. आणि त्यांच्याखालीं, सांवलीसारखी, मरळ. या माशांत नर व मादी दोघेंहि पिलांची राखण करितात, आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात. गळवाल्यांस हें चांगलें ठाऊक आहे. त्या लाल गोळ्यांत बेडूक टाकिला कीं दुसऱ्या तिसऱ्या फेंकीस मरळ लागलीच म्हणून समजावें.

भाच्यानें काठी उचलली. आम्ही त्याच्या मनगटावर हात ठेविला.

“मामा, सोडणारच आहोंत ना तिला? पांच मिनिटांचा प्रश्न.”

संस्कृतांत एक प्रसिद्ध विचार आहे: हरिण कानामुळें, हत्ती स्पर्शामुळें, पतंग डोळ्यांमुळें, भुंगा वासामुळें आणि मासा जिभेमुळें मरतो. वर्गांत आम्ही तो वर्षानुवर्षें शिकविला. पण या वेळीं मरळ बेडकास तोंड लावते ती जिभेच्या लोभानें नव्हे. तिला भूक नसली तरी ती झडप घालते. लोभास फसविणें हा खेळाचा नियम आहे असें एक वेळ म्हणतां येईल. राखणीस फसविण्याचा नियम आमच्या तरी वाचनांत नाहीं. आणि पांच मिनिटें म्हणजे थोडीं नव्हेत. तेवढ्यांत शिंगटे आणि पाणसाप निम्मा गोळा खाऊन टाकतात. हें आमचें केवळ भाबडेपण नव्हे, हें भाच्यासहि त्याच्याच देशाच्या दाखल्यानें पटलें. बासचा नर एकटा घरट्यावर पहारा देतो. त्यास थोडा वेळ जरी उचलिलें तरी इतर मासे पिलांवर पडतात, असें तिकडच्या शास्त्रज्ञांनीं पाहून ठेविलें आहे. दक्षिण ओंटारिओंत तर बासची शिकार वसंतांत बंद राहते, ती जूनच्या उत्तरार्धांत उघडते. त्यानें तें स्वतःच सांगितलें, आणि सांगतां सांगतां दोरी रिळावर गुंडाळली.

आम्ही तेथेंच बसून राहिलों. गोळा कमळांच्या बाजूस सरकला, पुन्हां उन्हांत आला. एक खंड्या फांदीवरून खालीं झेंपावला, तेव्हां खालची सांवली इतक्या वेगानें वर आली कीं तो अर्ध्या वाटेवरून माघारी फिरला. भाचा मोबाइलवर छायाचित्र घेऊं पाहत होता, पण पाण्यावरच्या चकाकीमुळें त्यांत नुसता एक तांबूस डाग आला.

तेव्हां मरळीसाठीं साहित्य घेणाऱ्यानें एक तपशील लक्षांत ठेवावा. पिलांचा तांबडा रंग कांहीं आठवड्यांत जातो, तीं काळपट होतात आणि पांगतात. तळ्यावर लाल गोळा दिसेनासा झाला, पावसाचें पाणी स्थिरावलें, म्हणजे साधारण दसऱ्यापासून पुढें, रबरी बेडूक पेटींतून बाहेर काढण्यास हरकत नाहीं.