दूध ४२

लग्न झाल्यापासून आमच्या घरात रोजच्या खर्चाची वही आहे. हे लिहायचे. हैदराबादच्या बेगम बाजारात एका घाऊक व्यापाऱ्याकडे यांची मुनिमी, दिवसभर दुसऱ्याचे आकडे; तरी रात्री जेवण झालं की चष्मा लावून घरची वही पुढ्यात घ्यायचे. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला नवी वही, पहिल्या पानावर श्री, आणि खाली मराठी आकड्यांत एकेक ओळ. दूध, भाजी, आईचं औषध, मुलाची फी. २००६ ते २०१७, अकरा वह्या. या वह्या एक दिवस कोर्टात पुरावा म्हणून जातील असं कुणाच्या मनात आलं असतं?

फेब्रुवारी २०१७ मध्ये रात्री साडेनऊच्या सुमारास हे दुकान बंद करून काचीगुड्याला घरी येत होते. पुतलीबावलीच्या पुढे एका डीसीएमने मागून स्कूटरला धडक दिली. हैदराबादेत मालाच्या मध्यम गाडीला सगळे डीसीएमच म्हणतात. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता, ते उडून लांब पडलं. लोकांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. मी पोहोचले तेव्हा डोळे अर्धे उघडे होते आणि मी हाक मारली तर बघत नव्हते.

कागदावर लिहिलं होतं, ई२ व्ही२ एम५. नंतर ही अक्षरं मला पाठ झाली. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण देतात, पूर्ण शुद्धीतल्या माणसाला १५, आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. यांचे ९ भरले. नऊला डॉक्टरी भाषेत ‘मॉडरेट’ म्हणतात. डिस्चार्ज कार्डावरचा तो एक शब्द पुढे विमा कंपनीच्या वकिलांनी किती वेळा वाचून दाखवला असेल! मॉडरेट म्हणजे मध्यम, मध्यम म्हणजे फार काही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेंदूवरची सूज वाढली. कवटीचा उजवीकडचा तुकडा काढून त्यांच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला. हाड तिथे नीट राहतं, सूज उतरली की परत बसवतात. तीन महिने ते तिथे होतं. अंग पुसताना माझ्या हाताला लागायचं, बशीच्या काठासारखं. वर डोक्याला त्या जागी खळगा, आणि त्या खळग्यात नाडी उडताना दिसायची. सासूबाई तेवढी एक गोष्ट बघायच्या नाहीत. तोंड फिरवून बसायच्या.

मे महिन्यात हाड परत बसलं, केस वाढले, जखमेची रेघ झाकली गेली. चालता येत होतं, बोलता येत होतं. भेटायला येणारे म्हणायचे, देवाने वाचवलं, अगदी पहिल्यासारखे दिसतात. मीही तेच म्हणायचे.

पहिल्यांदा लक्षात आलं ते फोडणीवरून. तेल तापून धूर झाला, मोहरी काळी पडली, मुलगा खोकत बाहेर पळाला आणि हे शेजारच्याच खुर्चीत शांत बसले होते. त्यांना वासच येत नव्हता. कपाळामागच्या भागाला मार बसला की असं होतं, हे मला त्यानंतर कळलं. मग एकेक दिसू लागलं. आंघोळ करून आलेले पुन्हा आंघोळीला जायचे. दार उघडं टाकून रस्त्यावर निघायचे. अकरा वर्षांत मला ‘अगं’च्या पुढे आवाज न चढवलेल्या माणसाने एका सकाळी चहाचा पेला माझ्या अंगावर फेकला आणि पाच मिनिटांनी विचारलं, तुझी साडी कशी भिजली? जूनमध्ये सेठनी कामावर घेऊन पाहिलं. आठवड्याने त्यांनी मला बोलावलं, समोर पाणी ठेवलं आणि म्हणाले, “भाभी, ये घर पे ही रहे तो अच्छा है.” त्यांना मी दोष देत नाही. त्या आठवड्यात एकाच गिऱ्हाइकाची बाकी तीन ठिकाणी तीन आकड्यांनी लिहिली गेली होती.

मग वकील शोधला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दावा लावायचा, गाडीमालक आणि विमा कंपनी सामनेवाले. पुराणी हवेलीतल्या सिटी सिव्हिल कोर्टात आमचं प्रकरण होतं. तारखेला इथे वायदा म्हणतात. चार वर्षं मी वायद्याला जात होते. हवेलीतल्या निजामांच्या संग्रहालयात सहावे निजाम महबूब अली खान यांचं कपड्यांचं भलंथोरलं लाकडी कपाट आहे. मुलाला मागे ठेवायला कुणी नसलं की मी त्याला सोबत न्यायचे, आणि वायदा पडला की तो ते कपाट बघायला हट्ट करायचा. त्याच्या लेखी कोर्ट म्हणजे ते कपाट.

आमच्या वेळी दावा लावायला मुदत नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने ती सहा महिन्यांची केली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. मला याचं फार वाईट वाटतं. हात तुटला तर त्याच दिवशी दिसतो. डोक्याला मार बसलेल्या माणसाच्या घरच्यांना सहा महिन्यांत नेमकं काय गेलं हेच कळायला सुरुवात होते. त्याआधी ते माणूस वाचल्याच्या आनंदात असतात.

वकीलसाहेब तेलुगू, माझ्याशी आमच्या हैदराबादी हिंदीत बोलायचे, मला ‘अम्मा’ म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी एफआयआर, चार्जशीट, गाडीची पॉलिसी, डिस्चार्ज कार्ड आणि सगळी मूळ बिलं मागितली. बिलं मी एका साडीच्या खोक्यात जपून ठेवली होती. खोकं उघडलं तर औषधांच्या दुकानाच्या कितीतरी पावत्या कोऱ्या झाल्या होत्या. चकचकीत कागदावरची ती छपाई उन्हाळ्याच्या उकाड्यात उडून गेली होती. खिडकीशी तिरपा धरला तर कुठे एखादा आकडा दिसायचा. जवळजवळ दोन लाखांची बिलं अशी गेली. कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर मी आता आधी हेच सांगते, पावती हातात पडली की त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा.

मग अपंगत्वाचा दाखला. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत, पण मेंदूला मार लागून आलेलं अपंगत्व असा वेगळा प्रकार त्यात नाही. सरकारी दवाखान्यातल्या मंडळापुढे यांनी हात वर केले, एका पायावर उभे राहिले, नाव-गाव सांगितलं. दाखला मिळाला ४० टक्क्यांचा. मी तो कागद घेऊन जिन्यातच बसले.

वकीलसाहेबांनी समजावलं. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या निकालात म्हटलं आहे की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर दाखल्यावर ६० टक्के असतील, पण सुताराची जवळजवळ सगळीच कमाई बुडाली, आणि सरकारी कारकुनाची कदाचित काहीच नाही. “अम्मा, तुमच्याकडे उलटं आहे. हात शाबूत आहेत, मुनिमाचं डोकं गेलंय. ते दाखवायला लागेल.”

म्हणून मानसोपचार विभागात चाचण्या करून घेतल्या. दोन सकाळी लागल्या. मला बाजूला बसू दिलं होतं, बोलायचं नाही या अटीवर. चाचणी घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, शंभरातून सात वजा करत जा. यांना पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ, मुलाला रोज म्हणायला लावायचे. हे म्हणाले, त्र्याण्णव. मग शहाऐंशी. मग थांबले. खिडकीबाहेर बघितलं आणि अगदी आदबीने विचारलं, “कशातून वजा करायचंय म्हणालात?” बाईंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा त्र्याण्णव, पुन्हा शहाऐंशी. मी पदर तोंडात धरून बसले होते.

सगळ्यात कठीण होतं माझं शपथपत्र. दावा यांच्या वतीने मी चालवत होते. तसं करायचं तर हे स्वतःचं हित बघायला असमर्थ आहेत असं आधी मीच लिहून द्यायला हवं. बायकोने झाकायच्या म्हणून आपल्याला शिकवलेल्या सगळ्या गोष्टी त्यात आल्या. मारतात, कपडे न घालता बाहेर येतात, मुलाची ओळख विसरल्यासारखं करतात. प्रत्येक पानाखाली माझी सही. आणि हे माझ्या मागच्या बाकावर बसलेले, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. न्यायाधीशांनी त्यांना पुढे बोलावलं. काय झालं होतं तुम्हाला? हे हसून म्हणाले, “मेरेकू कुछ नै हुआ साब.” सध्या काय करता? “बेगम बाजार में हिसाब लिखतूं.” दोन वर्षं झाली होती बेगम बाजाराची पायरी चढून. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. आपल्याला काही झालंय हे न कळणं हाही या दुखापतीचाच भाग असतो. पण विमा कंपनीचे वकील लगेच उभे राहिले, “पेशंट स्वतःच सांगतोय.”

त्या रात्री मी वह्या काढल्या. अपघातानंतरही हे वही लिहायला बसत असत. मी कधी उघडून पाहिली नव्हती, धीर झाला नव्हता. २०१७ च्या वहीत फेब्रुवारीपर्यंत ते सुंदर, सुटं, किंचित डावीकडे झुकलेलं अक्षर. मग कोरी पानं. मग जुलै. एका पानावर वरून खालपर्यंत एकच ओळ नऊ वेळा. दूध ४२. दूध ४२. दूध ४२. खाली बेरीज, आणि बेरीज १०४. पुढच्या पानावर परत दूध, आकडा नाही.

वह्या मराठीत, कोर्टाला त्या वाचता येईनात. भाषांतर करून देणारे गृहस्थ सुलतान बाजारात राहणारे, वयस्क, आपल्यातलेच. निवडलेली पानं त्यांनी इंग्रजीत करून दिली. त्या पानावर त्यांनीही नऊ वेळा लिहिलं होतं, एकही ओळ गाळली नव्हती. कागद देताना त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, “माझ्या हाताला कंप सुटला होता, अक्षर बघून घ्या.”

विमा कंपनीच्या वकिलांनी हट्ट धरला की निवडक पानं नकोत, सगळ्या वह्या हजर करा. केल्या. उलटतपासणीत माझ्या पैठणीचे हप्ते, माहेरी पाठवलेले पैसे, सगळं भर कोर्टात वाचलं गेलं. मला वाटलं होतं लाज वाटेल. नाही वाटली. अपघातापर्यंत बेरीज एकदाही चुकलेली नव्हती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

२०२० च्या मार्चमध्ये कोर्टं बंद पडली, निकाल लागला २०२१ च्या शेवटी. पगाराची पावती नव्हती म्हणून महिन्याचे २२ हजार न धरता १५ हजार धरले. चाळिशीच्या आतल्या माणसाला पुढच्या वाढीचे ४० टक्के, म्हणजे २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. वय ३८, म्हणून गुणायचे १५ ने. कोर्टात याला ‘सरला वर्मा’ म्हणतात, आणि चाळीस टक्क्यांना ‘प्रणय सेठी’. ‘सरला वर्मा लावा’, ‘प्रणय सेठी धरा’ असं ऐकून मला पहिल्यांदा वाटलं होतं की हे कुणी अधिकारी असतील; ती निकालांची नावं निघाली. सरला वर्मांचे पती १९८८ मध्ये दिल्लीत बसच्या अपघातात गेले. त्यांचा निकाल २००९ साली लागला. एकवीस वर्षं! त्यानंतर मी ते नाव कधी नुसता पाढा म्हणून ऐकू शकले नाही.

न्यायाधीशांनी दाखल्यावरचे ४० टक्के बाजूला ठेवून कमाईचं नुकसान ७० टक्के धरलं. २६ लाख ४६ हजार. निकालपत्रात वह्यांचा उल्लेख आहे, चार ओळी. सोबतीला माणूस लागतो, त्याचाही खर्च आम्ही मागितला होता. समोरून म्हणणं आलं, बायको आहे की घरात. तेव्हा वकीलसाहेबांनी फेब्रुवारी २०२० चा एक निकाल वाचून दाखवला. मेंदूला मार बसलेली हरियाणातली बारा वर्षांची मुलगी, सर्वोच्च न्यायालयाने तिला ६२ लाख २७ हजार दिले, त्यात दोन सोबतिणींचा खर्च महिन्याला दहा हजार धरून १८ वर्षांच्या हिशेबाने. आम्हाला महिना ३ हजार मंजूर झाले. माझ्या दिवसरात्रीला कुणी तरी पहिल्यांदा आकडा लावला होता. कमी होता, पण लावला होता. बिलं वगैरे मिळून सगळे ४० लाखांच्या थोडे वर, आणि साडेसात टक्के व्याज.

विमा कंपनी अपिलात गेली. प्रकरण आता उच्च न्यायालयात आहे. काही रक्कम काढायला परवानगी मिळाली, त्यातून उसनवारी फेडली, उरलेली यांच्या नावे मुदत ठेवीत आहे. दिवसा चार तास एक मावशी येतात. तेवढ्यात मी बडीचावडीतल्या एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहिते. यांनीच शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत.

वह्या परत मिळाव्यात म्हणून मी अर्ज केला होता. अपिलाचा निकाल लागेपर्यंत मिळणार नाहीत, झेरॉक्स घ्या, असं सांगितलं. झेरॉक्स घेतल्या. पण निळी शाई त्यात काळी दिसते, आणि समासात पेन्सिलीने लिहिलेलं काहीच उमटत नाही. २००९ च्या वहीत मुलगा झाला त्या दिवशी यांनी समासात त्याचं वजन पेन्सिलीनेच लिहून ठेवलं होतं.