लक्ष्मीधराचा कंठा

आमच्या गोव्यात, पेडणे-डिचोलीकडे जत्रेला संगीत नाटक ठरलं की नायक व्हायला सगळे तयार असतात. ‘मानापमाना’तल्या धैर्यधराला पदं आहेत, वन्समोअर आहेत. मला गळा नाही. म्हणून मास्तरांनी लक्ष्मीधर दिला. आता मागूनही सोडणार नाही.

खाडिलकरांचं ‘मानापमान’ १९११ साली किर्लोस्कर मंडळीनं रंगभूमीवर आणलं, तेव्हा लक्ष्मीधर गणपतराव बोडसांनी केला होता. श्रीमंत, दागिन्यांनी मढलेला आणि भित्रा असा हा गडी. नवखा नट त्याला मुरडत चालवतो, आवाज चिरका काढतो, प्रेक्षकांकडे बघून डोळा घालतो. लोक हसतात, पण नटाला हसतात. लक्ष्मीधराला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नसतो. आरशात त्याला खरोखर राजबिंडा पुरुष दिसतो! ड्रेपरीवाल्यानं दिलेला कंठा कितीही काळवंडलेला असो, मी तो लाखाचा समजूनच घालतो. तोऱ्यात बोलताना बोटं त्यावरून सावकाश फिरतात. चोरांची चाहूल लागली की तोच हात तिथंच जातो, फक्त झटक्यात. एवढ्यावर अख्खा प्रवेश उभा राहतो.

डिचोलीत खाणी जोरात होत्या तेव्हा पुढच्या खुर्च्यांवर जाड साखळ्या चमकायच्या. मी कंठ्याला हात लावला की मागची मंडळी त्या खुर्च्यांकडे बघून हसायची. दशावतारी काल्यातला संकासूर अशा वेळी गावातल्या कुणाचीही खुशाल फिरकी घेतो, त्याची भाषणं जागच्या जागी सुचलेली. मला तशी मुभा नाही, आणि गरजही पडली नाही. २०१२ साली खाणी थांबल्या. हशा अजून त्याच जागी येतो.

याच जातीचा शकार मात्र अवघड. ‘मृच्छकटिका’तला हा राजाचा मेव्हणा आपल्या केसांची नि आवाजाची तारीफ करतो, आणि वर विद्वत्ताही पाजळतो: रामाला भ्यालेल्या द्रौपदीचा दाखला देतो. तिथं नट हशासाठी थांबतो. कशाला? इथला प्रेक्षक कीर्तनं, काले ऐकत वाढलेला. तो चूक आधीच पकडतो. त्याच ठसक्यात पुढचं वाक्य रेटावं, हसू मागून येतंच. शिवाय हाच माणूस पुढं वसंतसेनेचा गळा आवळतो आणि आळ चारुदत्तावर घालतो. नुसता बावळट केला तर तो प्रवेश कोसळतो. म्हणून पहिल्या अंकातच, सगळे हसत असताना, मी वसंतसेनेकडे अंमळ जास्त वेळ बघतो.